आत ओढलेला षड्ज

१२ मे १९५२. शिकागोत चेस कंपनीसाठी मडी वॉटर्सचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रणाला जमला होता. गिटारवर स्वतः मडी आणि जिमी रॉजर्स, ड्रमवर एल्गा एडमंड्स. त्या दिवशी पुढे उभं राहण्याची पाळी मात्र त्यांच्या माउथ ऑर्गनवाल्याची होती. मॅरियन वॉल्टर जेकब्ज, वय बावीस, सगळ्यांसाठी लिटल वॉल्टर. क्लबमधल्या कार्यक्रमांत हे लोक जी धून नेहमी वाजवत, तीच त्यांनी मुद्रित केली. तबकडीवर तिचं नाव पडलं 'ज्यूक'. त्याच वर्षी ती बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि आठ आठवडे तिथे राहिली. गायन नाही, शब्द नाहीत, फक्त माउथ ऑर्गनची धून, आणि ती त्या यादीत अव्वल. असं त्यानंतर कधीही घडलेलं नाही.

तीन मिनिटांपेक्षाही छोटी ही धून मी पुष्कळ वर्षं नुसती ऐकत होतो. आवडायची, पाय हलायचे, संपली की पुढचं गाणं लागायचं. मग पोक्त वयात ब्लूज हार्मोनिका शिकायला घेतली आणि 'ज्यूक'चा मुखडा स्वतःच्या तोंडून काढून बघू लागलो. तेव्हा लक्षात आलं की या धुनेतलं निम्मं सौंदर्य कानाला दिसतच नाही. ते श्वासात आहे. कुठला सूर आत ओढलाय, कुठला बाहेर फुंकलाय, ओढलेला सूर कुठे वाकवलाय आणि वाकवून पुन्हा सरळ कुठे केलाय, हे कळलं की 'ज्यूक' वेगळी ऐकू येते. नवशिक्याच्या तोंडातून ही धून वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी वाद्य. ब्लूजवाले ज्याला प्रेमाने हार्प म्हणतात ते चार इंचांचं, दहा भोकांचं, वीस रीडचं वाद्य मूळ जर्मनीचं. ट्रोसिंगेन गावच्या मथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली ही वाद्यं बनवायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीचं 'मरीन बँड' हे मॉडेल १८९६ चं, आणि ब्लूजचा इतिहास बऱ्याच अंशी त्या मॉडेलवर वाजला आहे. बनवणाऱ्यांच्या मनात ब्लूज असण्याचं कारणच नव्हतं. त्यांना हवं होतं लोकगीतांचं, घरगुती नाचगाण्याचं सोपं वाद्य. म्हणून रचना अशी केली की कुठेही फुंकलं तरी त्या पट्टीच्या षड्जाचा मेळ, म्हणजे कॉर्ड, वाजावा आणि खालच्या भोकांमधून हवा ओढली तर पंचमाचा. तोंड थोडं इकडेतिकडे झालं तरी बेसूर होत नाही. या सोयीची किंमतही आहे. मेळ जुळवण्यासाठी खालच्या सप्तकातून मध्यम आणि धैवत वगळले गेले, वरच्या सप्तकातून निषाद वगळला गेला. सरळ सप्तक पूर्ण वाजतं ते फक्त मधल्या भोकांवर.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी या वाद्याची दिशाच फिरवली. फुंकेचा मेळ हे घर आहे, असं बनवणारा म्हणत होता. यांनी ओढीचा मेळ घर मानला. म्हणजे वाद्य ज्या पट्टीचं, त्याच्या पंचमाला षड्ज करायचं. 'ज्यूक' पांढरी सहाच्या हार्पवर वाजवली आहे आणि धून आहे पांढरी तीनमध्ये. वादकांच्या बोलीत हे 'क्रॉस हार्प' किंवा 'सेकंड पोझिशन'. आपल्याकडच्या कानाला मूर्च्छना ठाऊक आहे, सा हलवला की त्याच स्वरांचा चेहरामोहरा बदलतो हे आपण जाणतो. इथे मात्र सा हलवल्याने आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे श्वासाची दिशा. षड्ज आता आत ओढलेल्या हवेवर बसतो.

नव्या विद्यार्थ्याला या षड्जाची पहिली भेट होते दुसऱ्या भोकावर, आणि ती भेट सुखाची नसते. दोनची ओढ. नवा हार्प घेतलेला जवळजवळ प्रत्येक माणूस या सुराला येऊन अडतो. सूर घुसमटतो, कण्हतो, उतरलेला लागतो, कधी मुळीच लागत नाही. बाकीची भोकं ठीक वाजतात, तेव्हा रीडच खराब आली असं वाटतं. रीड उत्तम असते. आपण हवा जोरात खेचत असतो, जबडा आवळलेला असतो, जीभ वर चढलेली असते. उपाय असा की ओठ हार्पवर सैल, खोल ठेवायचे, गळा जांभई देताना होतो तसा मोकळा करायचा आणि खेचण्याऐवजी पोटाने सावकाश श्वास घ्यायचा. तसं केलं की तोच सूर एकदम भरून येतो, खाली छातीपर्यंत जाणवतो. गंमत अशी की अगदी हाच षड्ज शेजारी तिसऱ्या भोकावर फुंकेनेही मिळतो, तिथे कसलीच अडचण नाही. मग ब्लूजवाले दोनच्या ओढीचा हट्ट का धरतात? कारण तिसऱ्याची ती फुंक वाकत नाही, तिचा रंग बदलत नाही. दोनची ओढ गुरगुरते, लवते, मागे सरकते. ज्या सुरावर पुन्हा पुन्हा परतायचं तो सूर असा जिवंत असला पाहिजे, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

आता मुखडा. 'ज्यूक'ला प्रस्तावना नाही, पहिल्या क्षणी हार्पच बोलतो. दुसऱ्या भोकाच्या ओढीवरून, खालच्या षड्जावरून निघालेली ओळ गंधार, पंचम करत वर चढते आणि सहाव्या भोकाच्या फुंकेवर, तार षड्जावर जाऊन उभी राहते. एका सप्तकाची चढण. तिथे पोचल्यावर वॉल्टर थांबतो, गिटारला जागा देतो, मग तीच चढण पुन्हा.

कागदावर यात काही नाही. तोंडात घेतल्यावर मात्र दिसतं की ही ओळ निघते श्वास आत घेत आणि पोचते श्वास बाहेर सोडत. खालचा सा ओढीचा, वरचा सा फुंकेचा. दोन्ही षड्जच, पण अंगाला अगदी उलटे जाणवतात. खालचा सा म्हणजे छाती भरणं, वरचा म्हणजे मोकळं होणं. म्हणून तो तार षड्ज ऐकताना जे सुटल्यासारखं वाटतं ते नुसतं वर गेल्याचं वाटणं नव्हे. वाजवणारा खरोखरच त्या जागी श्वास सोडतो आहे, आणि ऐकणाऱ्याचं शरीर नकळत ते करतं. माझ्या मते 'ज्यूक'चा मुखडा त्या काळी रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी बसला याचं मोठं कारण हेच असावं. वॉल्टरने एक साधी चढण घेतली आणि ती श्वासाच्या लयीवर नेमकी बसवली.

ही चढण सर्वस्वी त्याचीच होती असं नाही. स्नूकी प्रायर आणि मूडी जोन्स यांनी १९४८ मध्ये मुद्रित केलेल्या एका बूगीमध्ये या मुखड्याचं बीज सापडतं, आणि प्रायरने आपला हक्क सांगितलाही. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. प्रायरकडे उत्साह आहे, धावपळ आहे. वॉल्टरकडे तोच मालमसाला आल्यावर तिथे अवकाश येतो. तो मागच्या लयीवर रेलून वाजवतो, मात्रेच्या किंचित मागे राहून, आणि प्रत्येक सूर सुटा, गोल, स्वतःच्या वजनाने पडतो. उधारी होती हे सांगितल्याने वॉल्टर लहान होत नाही. मुखडा कुणाचाही असो, त्यावर घर कसं बांधलं हे बघायचं.

घराचा नकाशा बारा खंडांचा. प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. पहिले चार खंड षड्जाच्या मेळावर, पुढचे दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या. नवव्या खंडात पंचम, दहाव्यात मध्यम, आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. लय 'शफल'ची. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करून पहिले दोन जोडायचे आणि तिसरा सुटा ठेवायचा, त्यामुळे चाल लंगडत-डुलत पुढे जाते.

हा नकाशा हार्पवर कसा बसतो ते बघण्यासारखं आहे. षड्जाचा मेळ ओढीत आहे. मध्यमाचा मेळ फुंकेत आहे, कारण वाद्याची मूळ पट्टी तीच. म्हणजे पहिले चार खंड मुख्यतः आत घ्यायचं, आणि छाती भरून आली की पाचव्या खंडात संगीतच म्हणतं, आता सोड. पंचमाच्या खंडाला मात्र वाद्य दगा देतं. त्या मेळातला शुद्ध निषाद हार्पच्या ओढीत नाही, फुंकेतही नाही. पूर्ण मेळ वाजवणं शक्यच नाही. नवशिका नवव्या खंडाला पोचतो आणि काही सुचत नाही. जाणते तिथे पहिल्या किंवा चौथ्या भोकाची ओढ धरतात, म्हणजे नुसता पंचम, आणि बाकीचं काम गिटारवर सोपवतात. नवव्या खंडाकडे एकदा मुद्दाम कान देऊन 'ज्यूक' ऐका. वाद्यात जे नाही त्याच्याभोवतून वॉल्टर इतक्या सहज जातो की उणीव आहे याची शंकाही येत नाही.

अखंड ओढीच्या संगीतात एक अडचण अशीही की थोड्या वेळाने छाती पूर्ण भरते आणि आणखी आत घेता येत नाही. धाप लागते ती श्वास कमी पडून नव्हे, जास्त होऊन. नवशिक्याला हे कळायला वेळ लागतो, तो दमला म्हणून आणखी श्वास घ्यायला बघतो. खरं तर दोन ओळींच्या फटीत नाकातून हवा सोडायची असते. वॉल्टरच्या ओळी तशाच बेतलेल्या आहेत. कुठे फुंकेचे सूर मध्ये पेरलेले, कुठे ओळ संपल्यावर नेमकी एका सोडण्यापुरती जागा. त्याच्या वादनाला संवादाचा जो गुण आहे, ओळ, उसंत, ओळ, तो या गरजेतून आला आहे. बोलणाऱ्या माणसालाही श्वास घ्यावा लागतोच.

आणि आता या वाद्याचं खरं गूढ, सूर वाकवणं. वादक त्याला 'बेंड' म्हणतात. आपण मींड म्हणू, फार चूक होणार नाही.

हार्पच्या प्रत्येक भोकामागे एक छोटा कोनाडा असतो आणि त्यात दोन रीड असतात, एक फुंकेला बोलते, दुसरी ओढीला. पहिल्या सहा भोकांत ओढीची रीड फुंकेच्या रीडपेक्षा उंच सुराची असते. ओढ चालू असताना तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला, जिभेचा मागचा भाग खाली-मागे नेला, म्हणजे साधारण 'ई'चा आकार 'ऊ'कडे नेला, तर ओढीच्या रीडचा सूर खाली उतरू लागतो. आणि जी रीड आतापर्यंत गप्प होती, ती फुंकेची, तीही त्या उतरण्यात सामील होते. शेवटी सूर मुख्यतः तीच बोलत असते. दोन्ही सुरांमध्ये जितकं अंतर, तितका वाकवायला वाव, खालच्या सुराच्या अर्धा स्वर वर थांबावं लागतं. चौथ्या भोकात पंचम आणि मध्यम, एका पूर्ण स्वराचं अंतर, म्हणून पंचम वाकून तीव्र मध्यमापर्यंत येतो. पाचव्यात कोमल निषाद आणि धैवत, अर्ध्या स्वराचंच अंतर, तिथे वाकायला जागाच नाही. पण कोमल निषाद ब्लूजला तसाही हवाच असतो, तो आयता मिळतो.

तिसरं भोक सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत अवघड. ओढीला शुद्ध गंधार. फुंकेला षड्ज. मधे चार अर्धस्वरांची दरी. म्हणून त्या एकाच ओढीत कोमल गंधार, शुद्ध ऋषभ आणि कोमल ऋषभ हे तिन्ही दडलेले आहेत. मधल्या सप्तकातला ऋषभ या वाद्यावर कुठेच तयार ठेवलेला नाही, तो याच भोकातून वाकवून काढावा लागतो. आणि ब्लूजचा आत्मा जिथे राहतो तो गंधारही इथेच. हा गंधार शुद्ध नाही, कोमलही नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी हलत असतो, आणि किती हलवायचा हे प्रत्येक वादकाचं आपलं असतं. नवशिका आधी तिथे पोचतच नाही, सूर सरळच राहतो. मग एक दिवस जीभ योग्य जागी जाते आणि सूर तळाशीच जाऊन पडतो, एकदम ऋषभावर. मधल्या जागी थांबवणं, धरून ठेवणं हे त्यानंतरचं काम, आणि त्यासाठी बोटं उपयोगाची नाहीत, डोळे उपयोगाचे नाहीत. जिभेची जागा दिसत नाही, कुणी दाखवूही शकत नाही. गाणं शिकणाऱ्याला हे ठाऊक असतं. गळ्यातला गंधार जसा फक्त कानाने सापडतो, तसाच हा.

इथे हार्मोनियम आठवल्याखेरीज राहवत नाही, कारण दोन्ही वाद्यं एकाच कुळातली. मोकळी, थरथरणारी धातूची रीड आणि तिच्यावरून जाणारी हवा. हार्मोनियमवर आक्षेप होता तो हाच की तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, सूर पायऱ्यांनीच चढतो-उतरतो. १९४० साली आकाशवाणीने तिला बंद केलं आणि ती बंदी तीन दशकं टिकली. गोविंदराव पटवर्धनांसारख्यांनी बोटांच्या हलकेपणाने आणि भात्याच्या दाबाने मींडेचा भास निर्माण केला, पण तो भासच. हार्मोनियमच्या रीडपर्यंत वादकाचं शरीर पोचत नाही, मधे पेटी आहे. हार्पमध्ये रीड तोंडाला लागून आहे आणि तोंडाची पोकळी वाद्याचाच भाग होते. म्हणून जी रीड तिकडे ताठ राहते ती इकडे वाकते. 'ज्यूक' ऐकताना एखादी ओळ गळ्यातून आल्यासारखी वाटते, कारण ती खरंच गळ्यापाशी घडते आहे.

माउथ ऑर्गनची आपल्या घरांत वेगळी ओळख आहे. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की दोन ओळींत भोकं असलेला, थरथरता, गोड आवाजाचा बाजा डोळ्यांसमोर येतो. 'शोले'तल्या जयचा संध्याकाळचा माउथ ऑर्गन, 'सोलवां साल'मधल्या हेमंतकुमारांच्या गाण्यात तरुण आर. डी. बर्मनने वाजवलेला माउथ ऑर्गन, या आठवणी त्या गोडव्याशी जोडलेल्या आहेत. पण घरोघरी असलेला तो ट्रेमोलो बाजा ब्लूजला चालत नाही. त्यात प्रत्येक रीडला स्वतंत्र कप्पा असतो, दोन उलट दिशांच्या रीड एका कोनाड्यात भेटत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेलं वाकवणं तिथे घडत नाही. ज्याला 'ज्यूक'च्या वाटेला जायचं आहे त्याने दहा भोकांचा साधा डायटॉनिक हार्प घ्यावा. सुरुवातीला पांढरी एकचा पुरतो, शिकवणारे बहुतेक त्यावरच शिकवतात. 'ज्यूक'च्या मूळ मुद्रणाबरोबर वाजवायचं तर पांढरी सहाचा लागेल.

परत वॉल्टरकडे. तो लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा, जन्म १९३०. लहानपणीच घर सोडून वाजवत वाजवत शिकागोला आला. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती, त्याच लोंढ्याची ही वाट. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवणाऱ्यांची गर्दी असे. १९४७ साली त्याच रस्त्यावरच्या एका रेडिओच्या दुकानाच्या ओरा-नेल नावाच्या छोट्या लेबलसाठी त्याने पहिलं मुद्रण केलं. तो बाजार गोंगाटाचा. गिटारी विजेवर गेलेल्या, ड्रम आलेले. ओंजळीतला चार इंचांचा बाजा तिथे कोण ऐकणार? उपाय होता मायक्रोफोन. हार्प आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत घट्ट धरायचे आणि तार गिटारसारखी ॲम्प्लिफायरला जोडायची.

हे त्याच्याआधीही काही जण करत होते, आवाज मोठा व्हावा म्हणून. वॉल्टरने त्यातून नवा आवाज काढला. ओंजळ घट्ट बंद केली की सुराचा कडक, पातळ वरचा भाग गळून जातो आणि ॲम्प्लिफायरवर ताण आणला की सूर जाडा, दाणेदार होतो, सॅक्सोफोनच्या जवळ जातो. लुई जॉर्डनसारख्या सॅक्सोफोनवाल्यांच्या ओळी त्याने कान देऊन ऐकल्या होत्या, आणि 'ज्यूक'मधली लांब, एकेरी सुरांची वाक्यं त्या शाळेची आहेत. त्याच्या आधीच्या पिढीतला जॉन ली 'सनी बॉय' विल्यमसन हार्प आणि गळा यांची जुगलबंदी करायचा, गाण्याच्या ओळीला हार्पने उत्तर द्यायचा. वॉल्टरने गळा काढून टाकला आणि सवाल-जवाब दोन्ही हार्पकडे दिले.

या आवाजामागे जिभेची एक युक्ती आहे. नवशिक्याला एकच भोक वाजवायला बहुधा ओठ चंबूसारखे करून शिकवतात. वॉल्टरच्या घराण्यात जीभ हार्पवर टेकवून नको असलेली भोकं झाकतात आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून सूर घेतात. जीभ क्षणभर उचलली की मेळ वाजतो, टेकवली की एकटा सूर उरतो. त्यामुळे सुराच्या सुरुवातीला एक थाप मिळते, ताल हार्पमध्येच येतो. जीभ मधे ठेवून दोन्ही कोपरे उघडले तर एका सप्तकाच्या अंतराने दोन सूर एकदम बोलतात. 'ज्यूक'चा भरदारपणा यातून आला आहे. एकाच माणसाचा आवाज कधी एकटा, कधी समूहाचा वाटतो. ज्यांना हे वादन मनापासून शिकायचं आहे त्यांनी जीभ टेकवण्याची सवय लवकर लावून घ्यावी. सुरुवातीला वेळ लागतो, पण ओठांच्या पद्धतीत हा खणखणीतपणा येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मागची साथ सहज दुर्लक्षित राहते. या मुद्रणात बास नाही. मडी आणि जिमी रॉजर्स दोघे मिळून खालचं अंग सांभाळतात, एक गिटार पायाची चाल चालते, दुसरी तिच्याशी विणत जाते. दोघांपैकी कुणीही वॉल्टरला झाकत नाही. मडी वॉटर्स हा त्या वाद्यमेळाचा धनी, त्या वेळचा शिकागोचा सर्वांत मोठा ब्लूज गायक, आणि इथे तो आपल्या माउथ ऑर्गनवाल्यामागे बसून मान खाली घालून लय देतो आहे. हे औदार्य ऐकू येतं. एडमंड्सचा ड्रमही तसाच, डुलत्या लयीला हात धरून चालवणारा. त्यावर वॉल्टर निर्धास्त होऊन मागे रेलू शकतो. लयीच्या मागे राहण्याचं धाडस तोच करतो ज्याला लय हलणार नाही याची खात्री असते.

मुखडा झाल्यावर आवर्तनं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं. कुठे एकच छोटा बोल पुन्हा पुन्हा, तोच, फक्त जोर बदलून. कुठे एक सूर लांब धरलेला, आणि खालून गिटारी चालत राहतात. कुठे भरगच्च ओळ. गर्दीनंतर मोकळीक आणि मोकळीकीनंतर गर्दी हे त्याचं तंत्र. त्या लांब सुराचं रसग्रहण करावं तेवढं थोडं. नवशिक्याला वाटतं की वेगवान ओळी अवघड आणि धरलेला सूर सोपा. स्वतः धरून बघा. एकाच श्वासात सूर न थरथरता, न उतरता, आकार न बदलता टिकवायचा, आणि तो मेलेलाही वाटू नये. वॉल्टरच्या धरलेल्या सुरात हलकासा कंप आहे, गळ्यातून दिलेला, आणि तो लयीशी जुळलेला आहे. म्हणजे सूर थांबलेला असतानाही लय चालू राहते.

'ज्यूक'ची तबकडी बाहेर आली तेव्हा वॉल्टर मडीबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. धून सगळीकडे वाजू लागल्यावर त्याने दौरा सोडला आणि शिकागोला परतून लुई मायर्स, डेव्ह मायर्स आणि फ्रेड बिलो यांच्या वाद्यमेळाचा म्होरक्या झाला. त्यांच्याकडे असलेला तरुण माउथ ऑर्गनवाला ज्युनियर वेल्स मडीकडे गेला, दोघांनी जणू खुर्च्याच बदलल्या. १९५५ साली विली डिक्सनच्या 'माय बेब' या गाण्याने तो पुन्हा यादीत पहिला आला, या वेळी गाऊन. पुढचं आयुष्य दारूचं, मारामाऱ्यांचं, ओसरत्या कीर्तीचं. १५ फेब्रुवारी १९६८ रोजी, एका मारामारीनंतर, तो झोपेत गेला. वय सदतीस.

त्या मेच्या दिवशी 'ज्यूक'चा आणखी एक टेक झाला होता, तो कित्येक वर्षांनी प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्याने तो मिळवून ऐकावाच. मुखड्यापुढची वाट त्यात निराळी आहे. प्रसिद्ध टेकमधला एकेक सूर लिहून काढून, पाठ करून, जसाच्या तसा वाजवणारे जगभर आहेत, आणि त्यातून हात, जीभ, श्वास सगळं तयार होतं यात शंका नाही. तरी मला वाटतं की पहिलं आवर्तन तेवढं तंतोतंत बसवावं, श्वासासकट, उसंतीसकट, तिसऱ्या भोकातल्या गंधारासकट. त्यानंतर मूळ मुद्रण बंद करावं, गिटारची नुसती साथ लावावी आणि पुढची अठ्ठेचाळीस मात्रांची आवर्तनं आपल्याला येत असलेल्या दोन-चार सुरांतच भरावीत. वॉल्टर स्वतःही एकेका टेकमध्ये पुढची वाट नव्याने काढत होता.